सोजरबाईचा खोटेपणाचा दाखला

दापोडीत रेल्वेलगतच्या गल्लीत सोजरबाईला कुणी किती वाजले विचारलं, तरी ती दोन-चार मिनिटं पदरची घालून सांगायची. महाळुंग्याच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये तिनं अकरा वर्षं चपात्या लाटल्या. तिथं एकदा मागच्या दारानं मांजर आत शिरलं होतं. पुढच्या वर्षी त्या मांजराचा बोका झाला, मग रानमांजर झालं, आणि सोजरबाईनं काम सोडलं तोवर तो चांगला लांबलचक बिबट्या झाला होता. त्यानं म्हणे मांडी घालून अठरा चपात्या खाल्ल्या, कोरड्याच, आणि जाताना शेपटीनं पोळपाट पुसून गेला.

गल्ली हसायची, आणि ‘मावशी, बिबट्याचं सांगा’ म्हणून पुन्हा मागं लागायची. आजवर तिच्या थापांनी कुणाचं वाईट झालं नव्हतं. बुधवारी सकाळी अकरा वाजता ते झालं.

दवाखान्याच्या काउंटरवरच्या मुलीनं संघर्षला, म्हणजे सोजरबाईच्या लेकाला, बोलावून घेतलं. "सर, तुमचं कॅशलेस नाकारलंय. आजार सात वर्षांचा आहे आणि पॉलिसी घेताना तुम्ही तो लपवला, असं आलंय."

"सात वर्षं? अहो, काल संध्याकाळी कुकर लावता लावता पोट धरून बसली ती! सात वर्षं कुणी सांगितलं?"

"केसपेपरवर लिहिलंय. काल पेशंटबरोबर आलेल्या नातेवाइकांनी सांगितलंय."

संघर्ष हळूच वळला. बाकावर सोजरबाई पिशवीचा बंद सोडत होती, बांधत होती.

"आई."

"मला वाटलं, लवकर आत घेतील," ती म्हणाली.

तिचंही काही अगदीच चुकलं नव्हतं. तिचा नवरा भीमराज ज्या कारखान्यात होता, तिथल्या दवाखान्यात तिचं निम्मं आयुष्य रांगेत गेलं. तिथं ‘कालपासून दुखतंय’ म्हटलं की पुडीत चार पांढऱ्या गोळ्या मिळायच्या. ‘लई वर्षांचं हाय, डॉक्टर’ म्हटलं की मोठ्या डॉक्टरांची चिठ्ठी. तेव्हा दुखणं जितकं जुनं तितका पेशंट पुढं. आता ते उलटं झालंय, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

आत सुनेच्या, आम्रपालीच्या, पित्ताशयात पू धरला होता. मोठे डॉक्टर राउंडला आले आणि बोट वर करून म्हणाले, "चार वाजता थिएटर मोकळं होतंय. आज काढायलाच पाहिजे. आत फुटलं, तर मग माझ्याही हातात काही राहणार नाही."

बाहेरचं आम्रपालीच्या कानावर गेलं होतं. पोट दाबून ती उशीला टेकून बसली. ताप होता, ओठ सुकले होते, पण आवाज ठाम.

"मंजुरी नसेल तर मी टेबलावर जाणार नाही. गोळ्या द्या, घरी जाते. कुठं सही करायची?"

"वेडी झालीस का?" संघर्ष म्हणाला. "मी बघतो की पैशाचं."

"कुठनं बघणार? दोन लाख कुठं ठेवलेत, मला तर माहीत नाहीत."

सिस्टरनं स्वतःच्या जबाबदारीवर घरी जायचा कागद आणून टेबलावर ठेवला. पेन आम्रपालीनं उचललं. "चारपर्यंत थांबते," म्हणाली, आणि पेन मुठीतच ठेवलं.

संघर्ष बाहेर येऊन भिंतीला डोकं टेकून उभा राहिला. बाकावरचे एक रिटायर काका सकाळपासून सगळं ऐकत होते. "ईएसआयचं कार्ड नाही का तुमचं?"

"होतं. पगार वाढून मर्यादेबाहेर गेला आणि कार्ड गेलं. पेढे वाटले होते राव मी बढतीचे."

"मग ती सरकारी योजना?"

"या दवाखान्यात चालत नाही. आणि डॉक्टर म्हणतात, आता हलवू नका."

"मग या पॉलिसीचे हप्ते कशाला भरता?"

"आजारी पडलं तर असावं म्हणून."

"हं," काका म्हणाले, आणि हातातल्या पेपराची घडी घातली.

दीड वाजता विमा कंपनीचा चौकशीचा माणूस आला. सलिल नाव. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. चेहरा असा, की समोरच्यानं ‘नमस्कार’ म्हटलं तरी याला त्यात काहीतरी लपलेलं दिसावं. सोजरबाई उठून उभी राहिली, पदर खोचला, आणि बऱ्याच वर्षांत केलं नव्हतं ते तिनं केलं. काही न वाढवता सरळ खरं सांगितलं.

"सायेब, पोरीचं पोट काल सांजच्याला दुखाय लागलं. त्याआधी कधीच न्हाई. सात वर्षं ही माझी थाप."

सलिलनं टॅबवरून नजर वर केली. "आजी, काल डॉक्टरांना सात वर्षं. आज क्लेम नाकारल्यावर कालपासून. मी कुठलं धरू?"

"आजचं धरा. मी खोटारडी हाय."

"ते आता सगळेच म्हणतात."

सोजरबाईला पहिल्यांदा कळलं, की खऱ्याला बिबट्याइतकंही गिऱ्हाईक नाही. घड्याळात दोनला दहा कमी होते. तिनं पिशवीतनं फोन काढला, गल्लीतल्या दुर्गाबाईला लावला आणि स्पीकर केला. तीस वर्षांची शेजारीण, तिच्यापेक्षा पक्का साक्षीदार कोण?

"दुर्गे, हितं इम्याचे सायेब हायेत. मी खोटं बोलते का न्हाई, सांग त्यांना."

पलीकडं दुर्गाबाईचा आवाज असा चढला, की अख्खा पॅसेज वळून बघायला लागला. "कोण म्हणतंय गं तुला खोटी? सायेब, त्या बाईच्या तोंडातनं आजवर एक खोटा शब्द बाहेर पडला न्हाई! वाटंल तिथं लिहून देते!"

"अगं भवाने, खरं सांग की!"

"खरंच सांगतेय! तू काय बी काळजी करू नगंस, सोजरे, आख्खी गल्ली तुझ्या मागं हाय!"

सलिलनं टॅबवर काहीतरी टिपलं. संघर्षनं डोळे मिटले. आत आम्रपाली कण्हली, आणि पेनचं टोपण खाली पडल्याचा आवाज आला.

थाप सत्तर वेळा पचली होती. आज सोजरबाई ती परत घ्यायला गेली तर बाहेर येईना. ती काल काय काय बोलली, ते आठवायला लागली. आणि आठवलं. नुसतं ‘सात वर्षं’ म्हणून ती थांबली असती तर आज सगळंच संपलं असतं. पण नुसतं कधी बोलली होती ती? नुसत्याला चव नसते.

"ती कालची डॉक्टरीण कुठाय? बारकी, चष्मेवाली?"

निवेदिता मॅडम धावतच आल्या, केसपेपर घेऊन. वयानं पोरसवदा, काल रात्रीपासून झोप नाही.

"बाई, मी काल काय काय बोलले ते मोठ्यानं वाचा. सगळं वाचा."

"सात वर्षांपासून पोटदुखी," निवेदितानं वाचलं. "पहिला झटका लग्नाच्या मांडवात. नवरीला उचलून विहाराबाहेर नेलं. जेवण केलं नाही. तेव्हापासून दर पौर्णिमेला..." ती थांबली. "हे पौर्णिमेचं मी... काल फार गर्दी होती."

"लग्नाच्या मांडवात," सोजरबाई म्हणाली. "सायेब, तुमच्या कागदावर लग्नाची तारीख असंल की."

सलिलनं टॅबवर बोट फिरवलं. फिरवता फिरवता बोट थांबलं. लग्नाला चार वर्षं झाली होती.

"सात वर्षांमागं ही पोरगी आमाला ठाऊकच नव्हती, तर तिचं पोट कुठनं ठाऊक असंल? संघर्ष, दाखव मांडवात कोण उपाशी होतं ते."

संघर्षच्या फोनवर लग्नाचा व्हिडिओ होताच. पांढऱ्या साडीतली आम्रपाली एका हातानं जिलेबी खात होती आणि दुसऱ्या हातानं नणंदेच्या ताटातली उचलत होती. सलिलनं तो दोनदा बघितला. चेहऱ्यावरची एक घडी मोडली.

"डॉक्टर, तुम्ही दुरुस्तीचं पत्र द्या. आणि आजी, तुमच्याकडनं लेखी लागेल. सही येते?"

"मला अख्खं पान येतं," सोजरबाई म्हणाली.

तिनं लिहिलं: मी सोजरबाई भीमराज, राहणार दापोडी, पूर्ण शुद्धीत लिहून देते की मी काल खोटं बोलले आणि एरवीही बोलते. बिबट्या नव्हता, मांजर होतं. खाली तिनं सही केली. बिबट्या गेला तो कायमचाच गेला.

सलिलनं कागदाचा फोटो काढला. "मी रिपोर्ट पाठवतो. पण निर्णय वरून येतो. आज येईल, उद्या येईल, सांगता येत नाही."

साडेतीन. पावणेचार. काउंटरवरची मुलगी दर वेळी मान हलवायची. चारला पाच कमी असताना थिएटरचा माणूस स्ट्रेचर घेऊन आला. आम्रपालीनं कागद मांडीवर ओढला आणि पेन टेकवलं.

"आत्या," तिनं विचारलं, "आली का मंजुरी? खरं सांगा."

सोजरबाई कॉटच्या कडेला बसली. आत्ताच लिहून दिलेला कागद अजून पिशवीच्या वरच्या कप्प्यात होता.

"आली की. माझ्या म्होरं सायबानं बटण दाबलं. हिरवा दिवा लागला, तुझ्या नावाचा. काउंटरवरच्या पोरीनं टाळ्या वाजवल्या."

आम्रपाली तिच्याकडं बघत राहिली. "टाळ्या?"

"एकदाच. दवाखाना हाय ना."

आम्रपालीच्या हातातलं पेन सोजरबाईनं अलगद काढून घेतलं, कागदाची घडी घालून पोलक्यात सारली, आणि स्ट्रेचर सुटलं. दारापाशी संघर्ष कुजबुजला, "आई, आलीय?"

"येईल," ती म्हणाली, आणि काउंटरसमोरच्या खुर्चीत जाऊन बसली. त्या मुलीच्या तोंडाकडं ती असं बघत राहिली, की बिचारीनं दोनदा पाणी पिऊन घेतलं.

पाचला डॉक्टर बाहेर आले. वेळेत काढलं, म्हणाले. अजून एक दिवस गेला असता तर अवघड होतं. सोजरबाईनं नुसती मान हलवली, काही वाढवलं नाही. साडेपाच झाले. पाच चाळीसला मुलीनं मान वर केली, स्क्रीन पुन्हा वाचला, आणि दोन्ही हात एकमेकांवर आपटले. एकदाच.

दुसऱ्या दिवशी आम्रपालीला उशीला टेकवून बसवलं, तेव्हा तिनं मंजुरीचं पत्र मागून घेतलं. वाचलं, पुन्हा वाचलं.

"आत्या, यावर पाच चाळीसची वेळ आहे. मी तर चारला आत गेले."

"त्यांचं घड्याळ पुढं हाय," सोजरबाई म्हणाली, आणि पेजेचा चमचा तिच्या तोंडापुढं धरला.

"आणि काय हो, बिबट्या मांजर होता म्हणे? संघर्ष सांगत होता."

सोजरबाईनं दाराकडं बघितलं. सलिल नव्हता, निवेदिता नव्हती. ती पुढं वाकली.

"ते कागदापुरतं, बाई. दोन बिबटे होते."