पहिलीच्या वर्गातली राजेसाहेबांची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो. पहिलीच्या वर्गात, खिडकीपाशी असते. पाठीवर कोरलेली वेलबुट्टी, हात घासून घासून गुळगुळीत, आणि पाय मात्र वीतभर. नवे पाहुणे मला बघून हसतात. "डौल राजाचा आणि पाय चिमणीचे!" म्हणतात. हसू देत बापडे. मला आता राग येत नाही. तरुणपणी मात्र यायचा, खोटं कशाला बोलू!

माझा जन्म राजवाड्यामागच्या सुतारशाळेत झाला. सुतारकाका अबोल होते. रंधा मारताना जिभेचं टोक दातांत धरायचे आणि लाकडाशी तेवढे दोन शब्द बोलायचे. मला म्हणाले, "पोरी, तुला फार उंच करायचा हुकूम आहे. डगमगू नकोस, नाहीतर माझी शोभा होईल." मी डगमगले नाही. पण मला एवढी उंच का केली, ते सांगायलाच हवं.

आमच्या त्या लहानशा राज्यात एक रीत होती. राजेसाहेब ज्या खोलीत बसतील, तिथे त्यांचं आसन इतर सगळ्यांच्या आसनांपेक्षा हातभर उंच हवं. हे मोजायला एक गृहस्थच नेमलेले होते. सगळे त्यांना काठीवाले म्हणत. राजेसाहेबांच्या आधी ते हातभर काठी घेऊन आत शिरायचे, मोजायचे, मान डोलवायचे, मगच राजेसाहेबांनी टेकायचं. दुसरी रीत अशी, की भरसभेत राजेसाहेब बोलत असताना मध्ये कुणी एक शब्द काढायचा नाही. आणि तिसरी सगळ्यांत वाईट. राजानं स्वतः वाचायचं नाही. ते कारकुनाचं काम.

त्यामुळे चाळिशी उलटली तरी आमच्या राजेसाहेबांना स्वतःचं नाव वाचता येत नव्हतं. ते तीन वर्षांचे असताना आई गेली, सहा वर्षांचे असताना वडील. वाढवलं ते आत्याबाईंनी. आत्याबाई म्हणजे करारी बाई, त्यांचा शब्द काळ्या दगडावरची रेघ. राजेसाहेब राज्याचे धनी असतील, पण आत्याबाईंसमोर त्यांचीही मान खालीच असायची.

एकदा पत्रं वाचणारा कारकून तापानं फणफणला. नेमकी तेव्हाच खालच्या आळीतून एक चिठ्ठी आली. राजाचं टपाल दुसऱ्या कुणी उघडायची सोय नाही! राजेसाहेब ती चिठ्ठी हातात घ्यायचे, उलटसुलट करायचे, ठेवून द्यायचे. पाचव्या दिवशी कारकून उठून बसला आणि त्यानं वाचली. "आमच्या विहिरीचं पाणी बिघडलं आहे, मुलं आजारी पडत आहेत, काहीतरी करा." तोवर सतरा मुलं अंथरुणाला खिळली होती. सुदैवानं सगळी बरी झाली. पण राजेसाहेबांच्या जिवाला ते लागलं ते लागलंच.

त्यांनी राजवाड्याची पूर्वेकडची दालनं रिकामी केली आणि शाळा काढली. लांबच्या शहरातून एक बाई शिकवायला बोलावल्या. दवंडी पिटली. आणि मुलं आली किती? अकरा! लोक म्हणायचे, "राजेसाहेबांना तरी कुठे वाचता येतं? त्यांचं काही अडलं का?"

हे कानावर आलं तसे राजेसाहेब आत्याबाईंसमोर जाऊन उभे राहिले. "आत्या, उद्यापासून मी शाळेत बसणार. पहिलीत."

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" आत्याबाई म्हणाल्या. "लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतायत तेच ऐकून आलोय."

आत्याबाईंनी त्यांना एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाल्या, "ठीक आहे. एक वर्ष देते. वर्षाअखेरच्या सभेत, सगळ्या गावासमोर, मी देईन तो कागद वाचून दाखव. जमलं तर शाळा राहील. नाहीतर दालनांना कुलूप, आणि बाईंना मानानं निरोप."

अशी माझी गरज पडली. आता गंमत बघा. बाईंची खुर्ची चौथऱ्यावर, आणि मी तिच्यापेक्षा हातभर उंच. मला चढायला पाच पायऱ्या! राजेसाहेब वर बसले, तर त्यांचं डोकं तुळईला लागायला आलं. बाईंना त्यांचा हात धरून अक्षर गिरवायचं होतं, पण हात पोचेल तर ना! मग त्या खालून ओरडायच्या, "राजेसाहेब, गोल डावीकडे! अहो, डावीकडे!" दुसऱ्याच दिवशी पाटी सटकली ती थेट काठीवाल्यांच्या पायावर. आठ दिवसांत राजेसाहेबांची मान आखडली. अक्षर मात्र एकही आलं नाही.

नवव्या दिवशी शिंप्याची सहा वर्षांची लेक तोंड वर करून म्हणाली, "राजेसाहेब, तिथनं तुम्हाला फळा दिसतो तरी का?"

काठीवाल्यांचा चेहरा पांढराफटक.

"नाही गं," राजेसाहेब म्हणाले. "नुसत्या मुंग्या दिसतात." आणि ते पाचही पायऱ्या उतरून खाली आले. "सुतारकाकांना बोलवा. करवत घेऊन या म्हणावं."

"सरकार, रीत मोडेल!" काठीवाले कळवळले.

"मोडू दे. वर्ष मोडलं तर परत मिळायचं नाही."

मित्रांनो, मला करवत लागली तेव्हा मी मनातल्या मनात राजेसाहेबांना नाही नाही ते बोलले. उंचीचा तोराच होता ना मला! सुतारकाका डोळे पुसत पुसत कापत होते. मग राजेसाहेब शिंप्याच्या लेकीशेजारी माझ्यावर बसले, गुडघे हनुवटीपाशी. बाई वाकल्या आणि त्यांनी राजेसाहेबांचं मनगट धरलं. दुसऱ्या हातानं राजेसाहेबांनी माझा हात घट्ट धरून ठेवला. माझा राग तिथेच विरघळला. एखादा माणूस पहिलं अक्षर काढतो तेव्हा त्याचा भार आपल्यावर असणं, हे भाग्य राजवाड्यातल्या कुठल्या सिंहासनाला मिळालं, सांगा बरं!

वर्षभर ते रोज आले. चुकले की शालीच्या टोकानं पाटी पुसून टाकायचे, म्हणजे कुणाला दिसू नये. शिंप्याची लेक लगेच चहाडी करायची, "बाई, यांनी पुसलं!" साधी अक्षरं आली, काना-मात्रा आल्या, पण जोडाक्षर दिसलं की राजेसाहेबांना दरदरून घाम फुटायचा. सभा जवळ येऊ लागली तशी बाईंचीही झोप उडाली.

सभेच्या दिवशी अंगण माणसांनी भरून गेलं होतं. सगळे जमिनीवर बसले होते. "जिच्यावर शिकलो तिच्यावरच बसून वाचणार," म्हणून राजेसाहेबांनी मला मध्यभागी आणवलं. आत्याबाई उठल्या आणि त्यांनी कनवटीचा एक घडी घातलेला कागद पुढे केला. घड्या पिवळ्या पडल्या होत्या.

"हे तुझ्या आईचं आहे," त्या म्हणाल्या. "जाताना माझ्यासाठी लिहून ठेवलेलं. चाळीस वर्षं पेटीत आहे. मला वाचता येत नाही, आणि कारकुनाच्या तोंडून ऐकायचा धीर झाला नाही."

गावातल्या म्हाताऱ्यांना कारण ठाऊक होतं. राजेसाहेबांच्या आईला वाचायची आवड होती, आणि आत्याबाईंनी तिच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं होतं. त्यानंतर दोघी बोलल्या नाहीत. महिन्याभरात ती गेलीच.

राजेसाहेबांनी कागद उलगडला. माझ्या हातावरची त्यांची पकड मला अजून जाणवते. बोट ठेवून, एकेक शब्द जुळवत ते वाचू लागले.

"वन्सं, बाळ आता तुमचा. त्याला दुधावरची साय आवडत नाही, बळजबरी करू नका. तो घाबरला की पायाच्या बोटांनी चादर धरून ठेवतो. पुस्तकाचं मनात ठेवू नका. तुम्ही माझ्या बाळासाठी जागलात, ते मी पाहिलं आहे. शेवटपर्यंत मी तुमची कृ... कृत..."

ते अडले. पुन्हा मागे गेले. पुन्हा त्याच शब्दावर अडले. बाई पहिल्याच रांगेत होत्या, त्यांना तो शब्द अंदाजानं कळला असणार, पण रीत आडवी आली. ओठ घट्ट मिटून त्या बसल्या होत्या.

राजेसाहेबांनी मान वर केली. "आत्या, हा शब्द मला येत नाही," ते म्हणाले. "मी हरलो."

लोकांत चुळबुळ सुरू झाली. आणि आत्याबाई, रीतभातीचा कडेकोट किल्ला, बाईंकडे वळून चक्क ओरडल्या, "अहो बाई, बसलात काय! सांगा ना त्याला! काय म्हणतीय ती मला?"

बाई धावत आल्या, कागदावर वाकल्या. "कृतज्ञ," त्या म्हणाल्या. "शेवटपर्यंत मी तुमची कृतज्ञ राहीन."

आत्याबाई जमिनीवर बसल्या, सगळ्यांच्या रांगेत. "चाळीस वर्षं," त्या म्हणत होत्या. "चाळीस वर्षं मला वाटलं, शाप दिला असेल." पदर डोळ्यांना लावून त्या लहान मुलीसारख्या रडल्या. मग तसंच रडत रडत त्यांनी गावाला बजावलं, "उद्यापासून पोरं शाळेत दिसली नाहीत, तर माझ्याशी गाठ आहे!"

दुसऱ्या दिवशी दालनं अपुरी पडली. राजेसाहेब येऊन बघतात तर काय, माझ्यावर पाटी घेऊन आत्याबाई बसलेल्या. ते मुकाट्यानं खाली बसले.

पुढे ती दोघंही गेली, राज्यही गेलं. शाळा राहिली. मधली काही वर्षं मी अडगळीत होते, माझ्यावर रंगाचे डबे ठेवत. मग एका मुख्याध्यापिकांनी मला बाहेर काढून पुसलं, त्यांचे मी आभार मानते. आता पहिलीत ज्याला सगळ्यांत जड जातं, त्याला माझ्यावर बसवतात. मला तेच आवडतं.

माझं मागणं थोडंच आहे, मित्रांनो. मला पेनानं टोचू नका, मागे रेलून झोके घेऊ नका, माझं वय झालंय. आणि घरी कुणी आजी, मावशी, आजोबा कागद हातात घेऊन नुसतेच उलटसुलट करत असतील, तर खेळ क्षणभर थांबवून त्यांना वाचून दाखवा. सवड झाली, तर शिकवाच. एवढी वर्षं त्या कागदाला भीत बसलेल्या कुणासाठी त्यात, कोण जाणे, मायेचाच शब्द लिहिलेला असेल.