संप मिटला, वर्ग भरला

संप मिटल्याची बातमी आली तेव्हा गणिताच्या बाई शाळेच्या फाटकाबाहेर सतरंजीवर बसल्या होत्या. घोषणा देऊन घसा बसला होता, चेहरा उन्हानं रापला होता. पण मन भरून आलं होतं. शाळा चालवणारी संस्था नमली होती; वर्षानुवर्षं हंगामी म्हणून राबवलेले शिक्षक आता कायम होणार होते. दर उन्हाळ्यात हातात नारळ मिळणारे चित्रकलेचे सर तर लहान पोरासारखे रडले.

दुसऱ्या दिवशी बाई दहावीच्या वर्गावर गेल्या. फळ्यावर गणित मांडता मांडता सवयीनं म्हणाल्या, "घाईताई, जरा थांब हं. बाकीच्यांनाही डोकं चालवू दे."

एरवी या वाक्याला वर्ग हसायचा. आज कुणी हसलं नाही.

घाईताई हे नाव बाईंनीच ठेवलेलं. प्रश्न पुरता लिहून व्हायच्या आत त्या मुलीचं उत्तर तयार असायचं. बाईंनी वळून पाहिलं, तर तिची जागा रिकामी.

"ती आता येत नाही, बाई," शेजारची मुलगी म्हणाली. "आईबरोबर शिलाईच्या कारखान्यात जाते."

शाळा सुटल्यावर बाई तडक तिच्या घरी गेल्या. एका खोलीचं घर. आई नुकतीच कामावरून येऊन भिंतीला टेकली होती.

"तुमच्यावर राग नाही बाई," ती म्हणाली. "पण शाळा बंद, मी दिवसभर कामावर. वाढत्या वयाच्या पोरीला घरी एकटी कशी ठेवू? म्हटलं, चार दिवस चल माझ्यासोबत, धागे कापत बस. चाराचे आठ झाले, मग महिना झाला. मुकादमानं मशीनवर बसवली. आता तिच्या कमाईवर धाकट्याचं औषधपाणी चाललंय. कुठल्या तोंडानं सोड म्हणू?"

मुलगी दारात येऊन उभी होती. बोटाला चिंधी गुंडाळलेली.

"राहिलेलं सगळं मी शिकवते," बाई म्हणाल्या. "माझ्या घरी ये. आपण भरून काढू."

"मी यायचे बाई, फाटकापर्यंत," ती हळूच म्हणाली. "सुरुवातीला रोज यायचे. एक गणित अडलं होतं. पण तुम्ही घोषणा देत होता. मोठ्या माणसांच्या भांडणात मध्येच कसं विचारायचं?"



घरी आल्यावर बाई सासऱ्यांपाशी बसल्या. म्हाताऱ्याची उभी हयात कारखान्यात गेलेली, त्यांनीही संप पाहिले होते.

"बाबा, आम्ही संप करायलाच नको होता का?"

"असं म्हणू नकोस पोरी. तुमच्या अर्जांना ज्यांनी केराची टोपली दाखवली, पहिला दोष त्यांचा. अन्यायापुढं मान तुकवणाऱ्या मास्तरांकडून पोरं काय शिकणार?"

"मग चुकलं कुठं?"

"आम्ही काम थांबवलं तेव्हा मशिनी थांबल्या. संप मिटला, तेलपाणी केलं, पुन्हा सुरू. पोरं अशी थांबत नसतात. शाळेचं दार लागलं की संसार त्यांना ओढून नेतो. भांडण तुमचं संस्थेशी, आणि झळ कुणाला बसली? संस्थेवाल्यांची पोरं या शाळेत आहेत का? त्यांचं काय अडलं?"

बाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या. जेवणाचं ताट तसंच राहिलं.

पुढच्या वर्षी संस्थेनं शब्द फिरवला; चित्रकलेच्या सरांसारख्या काहींनाच कायम करून बाकीच्यांना हंगामीच ठेवलं. पुन्हा सभा भरली. बाई उभ्या राहिल्या. "संपाला माझा पाठिंबा आहे. पण या वेळी सकाळी मैदानात वर्ग घेऊ आणि दुपारी धरणं धरू."

"म्हणजे दोन्ही डगरींवर पाय!" मागून कुणीतरी म्हणालं. "मग संपाला धार कुठली?"

तेव्हा चित्रकलेचे सर उठले. "मी कायम झालो आणि एका पोरीची शाळा कायमची सुटली. तो घास माझ्या घशाखाली उतरत नाही. मैदानातला पहिला वर्ग मी घेतो."

मग एकेक हात वर झाला. गेल्या खेपेला शिव्याशाप देणारे पालक आता दुपारी शिक्षकांशेजारी सतरंजीवर येऊन बसू लागले. ते पाहून संस्थेचं धाबं दणाणलं, आणि फिरवलेला शब्द तिला पाळावा लागला.

घाईताई मात्र परतली नाही. बाई सुट्टीच्या दिवशी पुस्तकं घेऊन तिच्याकडे जात राहिल्या. थोडे दिवस ती बसली. मग जादा कामाच्या पाळ्या लागल्या, आणि तेही सुटलं.

मंडळी, संप हा कष्टकऱ्याचा हक्क आहे. तो कुणी हिरावू नये. आणि ज्यांच्या आडमुठेपणामुळे तो करावा लागतो, त्यांनी नामानिराळं राहू नये. पण एका हाताची मूठ वळताना दुसऱ्या हातात धरलेलं लेकराचं बोट सुटू देऊ नका. मागण्या आज ना उद्या पदरात पडतात. सुटलेलं बोट गर्दीत पुन्हा सापडेलच, असं नाही.