पाहुण्यांची ओटी

सहलीचे नाव ‘शहर, शिवार, सागर’ असे होते. आधी पुणे, मग मावळातल्या एका शेतघरी एक दिवस, रात्री लोणावळा आणि शेवटी नागावचा समुद्रकिनारा. जोडप्यासाठी स्वतंत्र गाडी आणि सगळे दाखवायला, समजावून सांगायला बरोबर माणूस. संसाराच्या इतक्या वर्षांत माधवीने पहिल्यांदाच तोंडाने काही मागितले म्हणून निलेशने लगेच होकार दिला. शेतघर नेमके कोणते, हे त्याने जाहिरातीत पाहिले नव्हते. माधवीने पाहिले होते. टाकवे बुद्रुकच्या त्या शेताच्या फलकावर तिच्या आईचा फोटो होता. खाली लिहिले होते, ‘नंदाई कृषी पर्यटन’.

ते तिचे माहेर होते. वडील गेल्यावर धाकट्या भावाने, सीतारामने, हक्कसोडीचा कागद पुढे केला, तेव्हा ती म्हणाली होती, ‘‘विचार करून सांगते.’’ तिला जमिनीतले काही नको होते. फक्त हाती पेन कोंबण्याआधी कुणीतरी विचारावे, एवढेच वाटले होते. आठवड्याने तिने सही केलीही. पण ते एक वाक्य सीतारामच्या मनात रुतून बसले. भाऊबीजेला त्याचे येणे थांबले, मग फोन थांबले. भाचीच्या लग्नाची बातमी तिला परक्याकडून कळली.

न बोलावता जावे, तर नवऱ्यादेखत दारातून परत फिरावे लागण्याची भीती होती. पैसे भरून आलेल्या पाहुण्याला मात्र कुणी परतवत नाही. एकदा उंबऱ्याच्या आत गेलो की सीताराम समोर येईल आणि सवयीने ‘अक्का’ म्हणेल, असा तिचा हिशेब होता. त्या एका हाकेसाठी ती शनिवारवाड्याच्या पायऱ्या निमूट चढली होती.

गाडी कान्हे फाट्यावरून आत वळली, तेव्हा निलेशच्या ध्यानात आले.

‘‘माहेरी जायला गाइड लागतो होय तुला?’’ तो म्हणाला.

वाटाड्या वाहिद, लोणावळ्याचा पोक्त गृहस्थ, आरशातून पाहून हसला. मॅडमचेच गाव, तर आता त्याने काय सांगायचे, असे त्याने विचारले. माधवीने त्याला विनवले, की तिथे काही बोलू नका, नेहमीसारखेच सांगत चला. मग त्याने नेहमीसारखेच सांगितले. ही भातखाचरे, इथला इंद्रायणी तांदूळ प्रसिद्ध, शिजायला लागला की वास गल्लीभर जातो. माधवी अनोळखी बाईसारखी खिडकीबाहेर बघत राहिली.

फाटकाशी सीताराम फेटा बांधून उभा होता. त्याने तिला ओळखले, हे तिला स्पष्ट दिसले. त्याचे जोडलेले हात क्षणभर खाली आले आणि पुन्हा जुळले.

‘‘या साहेब. या मॅडम. प्रवासात त्रास नाही ना झाला?’’

त्या दिवशी आणखी दोन कुटुंबे आली होती. सगळ्यांना बैलगाडीतून फिरवले, चुलीवरची भाकरी खाऊ घातली. आईची मागची खोली आता पाहुण्यांना दाखवायची झाली होती. मध्ये आईचे जाते मांडून ठेवले होते. माधवी त्याच्यापाशी बसली आणि नकळत तिने खुंट्याला हात घातला. ‘‘फोटोपुरतं बसा, मॅडम,’’ मागून आवाज आला. ‘‘फिरवू नका, खालची फरशी खराब होते.’’ ती भावजय होती, राजेश्वरी. तिने माधवीच्या डोळ्यांकडे पाहणे टाळले.

निघताना सगळ्या बायकांना ओळीने पाटावर बसवून ओटी भरली. नारळ, खण आणि मूठभर तांदूळ, सगळे एका बंद पिशवीत, वर शेताच्या नावाची चिठ्ठी. माहेरची ओटी घेतल्यावर लेकीने त्यातले चार दाणे घरात परत टाकायचे असतात, माहेर भरलेले राहावे म्हणून. माधवी पिशवीची कड नखाने शोधू लागली.

‘‘फोडू नका, मॅडम,’’ राजेश्वरी हळूच म्हणाली. ‘‘गाडीत सांडतात.’’

माधवी उठली आणि गोठ्याच्या कडेला जाऊन सीतारामसमोर उभी राहिली. तिथे दुसरे कुणी नव्हते. त्याने फेटा काढला होता. कपाळावर त्याचा वळ उठला होता. केस वडिलांसारखे पांढरे झाले होते.

‘‘मला ओळखलंस ना?’’

‘‘पावती फाडून आलेल्याला काय वळखायचं?’’ तो म्हणाला. ‘‘गिऱ्हाईक म्हनून आलीस, गिऱ्हाइकावानी वागवलं. कुटं कमी पडलं का?’’

‘‘सांगून आले असते, तर ये म्हणाला असतास?’’

त्याने फेट्याची घडी नीट केली.

‘‘इचार करून सांगितलं आसतं, अक्का.’’

ती गाडीत येऊन बसली. लोणावळ्यात वाहिदने चिक्कीचे दुकान दाखवले आणि स्वतःहून एक पुडा घेऊन तिच्या हातात ठेवला. माहेराहून निघालेल्या बाईने रिकाम्या हाताने जाऊ नये, एवढेच तो म्हणाला. तिने तो ओटीच्या पिशवीशेजारी ठेवला.

नागावला मुक्कामाच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या मावशींना तिने पिशवीतले तांदूळ शिजवायला दिले. ओटीचा तांदूळ आपणच शिजवून खायचा असतो, पण चूल परकी होती. पातेल्यावरचे झाकण उघडले, तेव्हा ती मुद्दाम तिथे उभी राहिली. वाफ तोंडावर आली. त्या वाफेला कसलाही वास नव्हता. इंद्रायणी शिजला की आसट होतो, बोटांना चिकटतो. हा दुकानातला, पोत्यातला तांदूळ होता. इतक्या पाहुण्यांना घरचा कुठून पुरणार, हेही तिला कळत होते.

ताटावर बसल्यावर निलेशने पहिला घास घेतला. बाहेर वाळूवर वाहिद जोडप्याच्या फोटोसाठी त्यांची वाट पाहत उभा होता.

‘‘छान झालाय,’’ निलेश म्हणाला. ‘‘दाणा न् दाणा मोकळा आहे बघ.’’

‘‘हो,’’ माधवी म्हणाली आणि तिने वरण वाढून घेतले.