जांभळ्या कडेचा घेवडा

“जात कुठली पाहिजे?” बियाण्यांच्या दुकानदाराने विचारलं.

“बायकोची,” टाइमकीपर म्हणाले. दुकानदार हसला तेव्हा आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या लक्षात आलं. “म्हणजे ती लावते तो. घेवडा. शेंगेची कड जांभळी, बी काळं.”

दुकानदाराने काउंटरवर पाकिटं मांडली. प्रत्येकावर हिरव्यागार शेंगांचा चकचकीत फोटो होता, पण जांभळी कड एकीलाही नव्हती.

“हे न्या. दोन महिन्यांत शेंगा. फक्त याचं बी धरू नका, पुढच्या वर्षी असंच येईल याची खात्री नाही. दरवर्षी नवं पाकीट घ्यायचं.”

“बी धरता येत नाही तर मग उपयोग काय?”

“काका, तुम्हाला भाजी खायचीय ना?”

भाजी कोणाला खायची होती? उद्या दुपारी बारा वाजता बायकोला दवाखान्यातून घरी आणायचं होतं, आणि आल्या आल्या ती बी मागणार होती. टाइमकीपरांनी घड्याळ पाहिलं आणि पायऱ्या उतरले. हे तिसरं दुकान.

बस डेपोत एकतीस वर्षं त्यांनी गाड्यांच्या वेळा सांभाळल्या. गाडी आली, लिही. गाडी सुटली, लिही. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी हा माणूस घरात एका जागी दहा मिनिटं बसेल तर शपथ. पाच आठवड्यांपूर्वी बायको न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. स्ट्रेचरवरून नेताना तिने एवढंच सांगितलं होतं, “अहो, वेलाकडे लक्ष ठेवा. बी धरलंय.”

त्यांनी लक्ष ठेवलं. सकाळी सहाला एक बादली, संध्याकाळी सहाला एक बादली. एक दिवस चुकला नाही. बी धरलं की शेंगा वेलावरच वाळू द्यायच्या असतात आणि वेलाचं पाणी तोडायचं असतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी कोणाला विचारलंही नव्हतं. काल बायकोला खूश करायचं म्हणून त्यांनी शेंगा सोलायला घेतल्या. आत बुरशी. काही बियांना तर शेंगेतच मोड आलेले. सगळा वेल उलटापालटा केला, पण धड बी एकही हाती लागलं नाही. लग्नानंतर पहिल्या खेपेला माहेरून येताना तिने हे बी रुमालात बांधून आणलं होतं. आता तिची आई नाही आणि ते घरही विकलं गेलं. छत्तीस वर्षं तिने जपलेलं बी त्यांनी पाच आठवड्यांत, तेही अगदी वेळच्या वेळी, घालवलं होतं.

रोपवाटिकेतल्या बाईंनी त्यांच्याकडची कुजकी शेंग हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली.

“हे घरचं बी आहे. दुकानात नाही मिळायचं तुम्हाला. वहिनी कोणाला देत असतील की दरवर्षी?”

“देते. जुनं ठेवत नाही, वाटून टाकते.”

“मग त्यांच्याकडे जा.”

कोणाकडे? टाइमकीपर रस्त्याच्या कडेला उभे राहिले. डेपोतल्या दीडशे गाड्यांच्या वेळा ज्यांना तोंडपाठ होत्या, त्यांना आपली बायको बी कोणाला देते हे ठाऊक नव्हतं. त्यांनी मेहुणीला फोन लावला.

“मला देते ना,” मेहुणी म्हणाली. “पण फ्लॅटमध्ये मी लावू कुठे, गॅसवर? तसंच पडून किडलं. आणि एक त्या ड्रायव्हरला देते.”

“कुठल्या ड्रायव्हरला?”

मेहुणीने आवाज खाली आणला.

“तुमच्याच, भावजी. त्या सहा मिनिटांवाल्या.”

अकरा वर्षांपूर्वी टाइमकीपरांनी या ड्रायव्हरचा रिपोर्ट केला होता. गाडी सहा मिनिटं उशिरा निघाली म्हणून. तो तिसरा रिपोर्ट होता. ड्रायव्हरांची बढती हुकली आणि पुढची सगळी नोकरी लांबच्या, खड्ड्यांच्या रूटवर गेली. राहायला दोघे एकाच वस्तीत, मध्ये दोन गल्ल्या. समोरून येताना दिसले की टाइमकीपर रस्ता ओलांडायचे. बायकोही तेच करत असेल असं ते धरून चालले होते.

ड्रायव्हरांच्या गल्लीतून ते तीनदा गेले. तिसऱ्यांदा ड्रायव्हरांनीच हाक मारली. “या साहेब. किती फेऱ्या मारणार?”

ड्रायव्हर ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. मागच्या जाळीवर तोच वेल होता. शेंगा वाळून कागदासारख्या झाल्या होत्या आणि वाऱ्याने खुळखुळत होत्या.

“थोडं बी हवं होतं,” टाइमकीपर म्हणाले. “आमचं गेलं.”

“पाणी घातलंत?”

“रोज दोनदा.”

“वेळेवरच घातलं असणार.” ड्रायव्हर हसले नाहीत. आत जाऊन ते औषधाची एक रिकामी बाटली घेऊन आले. तिच्यात काळं बी गळ्यापर्यंत भरलेलं होतं. “हे तुमचंच. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वहिनींचा फोन आला होता. म्हणाल्या, आमचे हे पाणी घालून घालून वेल मारणार, थोडं बी बाजूला ठेवा. पण त्यांनी दुसऱ्या कोणाला पाठवलं तर देऊ नका. स्वतः आले तरच द्या.”

टाइमकीपरांनी बाटली घेतली. आधी बायकोचा राग आला, मग स्वतःची लाज वाटली. दवाखान्यात त्यांना ‘पाणी घालू नका’ एवढं म्हणाली असती तरी वेल वाचला असता. तिने ते सांगितलं नव्हतं. वेल गेला तरी चालेल, पण नवऱ्याने एकदा या दाराशी यावं, असं तिला वाटलं होतं.

“मी काही विसरलेलो नाही,” ड्रायव्हर म्हणाले. “वहिनींसाठी देतोय.”

“बरोबर आहे.”

बाटली घेऊन ते फाटकापर्यंत गेले. काम झालं होतं, आता घरी जायला हरकत नव्हती. पण पाय निघेना. रिपोर्टाच्या छापील फॉर्मवर शेवटी ‘कारण’ असा एक रकाना असायचा. एकतीस वर्षांत त्यांनी तो कधी भरला नव्हता. ते वळले आणि ओट्यापाशी परत आले.

“त्या दिवशी,” त्यांनी विचारलं, “उशीर का झाला होता तुम्हाला?”

ड्रायव्हर उठले. मग आतून दुसरी खुर्ची आणून त्यांनी आपल्या खुर्चीसमोर ठेवली.

“बसा,” ते म्हणाले. “सांगायला वेळ लागेल.”

टाइमकीपर बसले.