चिरणारी शाई

मुलांनो, जरा कल्पना करा. तीनशे वर्षांपूर्वीची, काजळीने काळीकुट्ट झालेली एक खोली. पणत्यांच्या रांगा जळताहेत, वर पालथ्या घातलेल्या वाडग्यांत काजळी धरतेय, आणि कोपऱ्यात कातड्याचा सरस शिजतोय. तुम्ही नाक दाबाल. पण जपानातल्या नारा गावच्या नऊ वर्षांच्या ओइतोला तो घरचाच वास.

तिचे बाबा किहेई शाईच्या कांड्या करत, पाण्यात उगाळून लिहायच्या. काजळी नि सरस पायांनी तुडवायचा, साच्यात दाबायचा, मग कांडी सुकवायची. ती कशी सुकवायची, ते त्यांनी एका जुन्या चिनी पोथीतून घेतलं होतं: फळीवर, उघड्या वाऱ्यात.

त्या हिवाळ्यात वारा नेहमीपेक्षा कोरडा होता; सात कांड्या चिरल्या. साच्यातून नुकतीच काढलेली आठवी तेवढी उरली. थंडी सरत आली होती आणि उबेत सरस कुजतो, म्हणजे आता नवी कांडी होणार नव्हती. पौर्णिमेला देवळाचा माणूस येणार. एक तरी अखंड कांडी दिसली नाही, तर देवळातल्या पोथ्या लिहायच्या शाईचं काम दुसऱ्या घरी जाणार. तीन पिढ्यांचं कसब तिथेच संपणार.

"विद्या चीनची आणलीस रे किहेई," सरस ढवळणारे म्हातारे गेन्सुकेकाका म्हणाले, "हवा कुठून आणशील?"

"पोथी खोटी नाही, काका. माझे हातच करंटे." बाबांनी काळ्या हातांत तोंड लपवलं. त्यांचे खांदे हलत होते. "ओइतो, ठेव ती फळीवर. पोथीत आहे तश्शी."

ओइतोने कांडी उचलली. ओली, मऊ. धरणारी बोटं मात्र सगळी भेगाळलेली. रोज साचे धुऊन ती तशीच वाऱ्यात जायची आणि आई रोज ओरडायची, "ओले हात वाऱ्यात नको गं! चुलीपाशी हळूहळू सुकव."

"बाबा, हातपण चिरतात."

"हिवाळाच तसा आहे, पोरी. जा."

बाहेर वारा फळी आपटत होता. ओइतो तिकडे गेलीच नाही. चुलीतली गार राख तिने लाकडी पेटीत भरली, मुठीत गोळा होईल इतकंच पाणी शिंपडलं, कांडी आत निजवली आणि हळूहळू सुकावी म्हणून वरून राखेचं पांघरूण घातलं.

"ठेवलीस का गं?" बाबांनी आतून विचारलं.

"ठेवली," ती म्हणाली. पेटीला झाकण लावून त्यावर घट्ट बसली.