दाजींचा अॅम्प्लिफायर

दाजींनी नवा अॅम्प्लिफायर घ्यायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यांच्या मेहुण्याला झाला. त्याचं उंची ऑडिओ सामानाचं छोटं दुकान. लोक येत, डोळे मिटून ऐकत, किंमत विचारून निघून जात. आता बहिणीच्या घरचंच गिऱ्हाईक आलं म्हणून त्याने कंबर कसली.

दाजी आधी काचेच्या व्हॉल्व्हवाल्या अॅम्प्लिफायरवर भाळले. तुमच्या स्पीकरना हा पुरा पडणार नाही, असं त्याने समजावलं. दाजी ऐकेनात, तेव्हा तो घरीच नेऊन लावून दाखवला. तबला वाढत्या लयीत गेला तसा आवाजाला धाप लागली. मग दुसरा आणला, मग तिसरा, सगळ्यात जड. लिफ्ट बंद होती. तीन जिने चढून तो वर पोचला तेव्हा ताईने आधी त्याला पाणी दिलं आणि मग नवऱ्याकडे पाहिलं.

केबलवरून पुन्हा घोळ झाला. दाजींना चांदीच्या हव्या होत्या. त्या लावल्या तर गाणाऱ्या बाईचा आवाज कानाला टोचायला लागला. शेवटी त्याने तांब्याच्या जाड केबल जोडल्या. दाजी अख्खं गाणं ऐकत राहिले आणि म्हणाले, "हेच." कळवतो म्हणाले. त्याने अॅम्प्लिफायर आणि केबलचा तो जोड बाजूला काढून ठेवला, दुसऱ्या कुणाला दाखवलासुद्धा नाही.

फोन आला तो महिन्याभराने. घरघर येतेय, जरा बघून जा.

तो गेला. दिवाणखान्यात तोच अॅम्प्लिफायर होता, त्याच केबल. कोरं करकरीत, पण त्याच्या दुकानातलं नव्हे.

"बाहेरून मागवलं रे, बरंच स्वस्त पडलं," दाजी म्हणाले. "तुला काय, तू घरचाच माणूस."

त्याने अॅम्प्लिफायर पुढे ओढला. मागे विजेची तार आणि सिग्नलची तार एकत्र गुंडाळलेल्या होत्या. त्या त्याने सोडवून लांब केल्या. घरघर थांबली. तेवढ्यात दाजींचे मित्र आले. नुसत्या कानावर आपण हा जोड कसा हेरला, ते दाजी रंगवून सांगू लागले. मेहुण्याची ओळख त्यांनी 'वायरिंगचं बघतो' अशी करून दिली.

ताई जिन्यापर्यंत आली.

"तुला माहीत होतं?" त्याने विचारलं.

"पहिल्यापासून. कुठून घ्यायचं ते त्यांचं ठरलेलंच होतं."

"आणि मी ओझी वाहत होतो, ते बघत बसलीस?"

ताईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तू आलास की ते माझ्याशी धड बोलतात रे. तू गेल्यावरही थोडा वेळ."

तो खाली उतरला.

नंतर ताईचे फोन आले, तर कामात आहे म्हणून त्याने ठेवून दिले. एकदा ती स्वतःच दुकानात आली. तो आतल्या खोलीत एका गिऱ्हाइकाला ऐकवत होता. काचेतून ताई दिसत होती, पर्स मांडीवर धरून बसलेली. गिऱ्हाईक उठायला लागलं, तसा त्याने आणखी एक अॅम्प्लिफायर जोडला, मग केबल बदलल्या, मग पुन्हा पहिल्या लावल्या.

बाहेर आला तेव्हा ती गेली होती.