आढ्याकडून खाली

घरी म्हातारा तिला 'बाई' म्हणायचा. 'अहो बाई, आमची मुलगी आली की मला सांगा हं.' हे सांगायचा कुणाला, तर समोर बसून त्याच्या सदऱ्याची बटणं लावणाऱ्या त्याच मुलीला. पहिल्यांदा तिला हसू आलं होतं. दुसऱ्यांदा ती न्हाणीघरात जाऊन रडली. पुढे पुढे ती नुसतं 'सांगते' म्हणायची आणि उरलेली बटणं लावून टाकायची.

छपरावर मात्र ती खुंटी होती. लहानपणापासून बुटकी आणि दणकट, म्हणून बापानेच ठेवलेलं नाव. शिडी चढून, बूड टेकून, हातात माप आलं की म्हातारा इकडेतिकडे बघायचा, घसा खाकरायचा आणि ओरडायचा, 'खुंटे, खिळे आणलेस, की डोक्यासारखे तेही घरीच राहिले?' एवढं ऐकण्यासाठी ती त्याला कामावर आणत होती. लोकांना वाटायचं, अजून बापाच्या जिवावर धंदा चाललाय. वाटू द्यावं. लोकांच्या तोंडाला कुठे झाकण असतं!

दोघं छपरं शाकारायची. मातीच्या कौलांनी नव्हे, लाकडाच्या. हातभर लांबीची चपटी फळकुटं असतात, ती खालून वर रांगेने ठोकत न्यायची. वरची रांग खालच्या रांगेवर चढलेली हवी, म्हणजे पाणी एकीच्या पाठीवरून दुसरीच्या पाठीवर घरंगळत बाहेर पडतं. सगळी मेख अंतरात. दोन रांगांमधलं अंतर इथे कमी, तिथे जास्त झालं की छप्पर दिसायला वेडंवाकडं आणि गळायला तयार. म्हणून माप. वितीएवढी लाकडी पट्टी, तिच्या एका टोकाला आडवा ओठ. ओठ खालच्या रांगेच्या कडेला अडकवायचा, दुसरं टोक जिथे येईल तिथे पुढचं फळकूट टेकवायचं, ठोकायचं, माप सरकवायचं. दुकानात लोखंडी मापंही मिळतात, मागेपुढे करायच्या स्क्रूची. म्हातारा त्यांना खेळणी म्हणायचा. त्याचं माप त्याने स्वतः तासलं होतं आणि अंगठ्याच्या जागी ते झिजून खोलगट झालं होतं.

मापाचं एक बरं असतं, त्याला काही आठवावं लागत नाही. मागची रांग काल ठोकली की आत्ता, जेवण झालं की व्हायचंय, बायको जिवंत आहे की गेली, याच्याशी मापाला देणंघेणं नसतं. अडकव, टेकव, ठोक, सरकव. म्हाताऱ्याचं बाकी सगळं वाहून गेलं तरी एवढं हातात उरलं होतं, आणि एवढ्याला धरून उरलेला म्हातारा रोज थोडा वेळ परत यायचा. घरात ही युक्ती चालत नसे. तिने करून पाहिली होती. त्याने मापाने चादरीचे पट्टे मोजले आणि तिला विचारलं, 'अहो बाई, हे घर कुणाचं?'

थोरल्या भावाला हे छपराचं प्रकरण मुळीच पसंत नव्हतं. तो मालाच्या गाडीवर ड्रायव्हर, कधीमधी उगवायचा आणि उगवला की हाच विषय.

'एक दिवस पडतील, आणि तू बघत बसशील.'

'दोर बांधते मी त्यांना.'

'दोराने डोकं बांधता येतं का?'

शेवटी दोघांत ठरलं. कामात एक चूक, एकच, आणि शिडी बंद. तिने मान डोलावली आणि त्या दिवसापासून ती डोळ्यांत तेल घालून काम करू लागली. पहिली रांग तीच लावायची, सुतळी तीच ताणायची. म्हाताऱ्याने फक्त मधलं भरायचं. चूक व्हायला तिने जागाच ठेवली नव्हती.

त्या दिवशीचं घर शिवणकाम करणाऱ्या एका बाईचं होतं. पुढचा उतार अर्धा झाला होता. मागच्या उतारावर नुसत्या फळ्या आणि त्यांवर अंथरलेला डांबरी कागद. धुराड्याभोवती बसवायचा पत्रा दुकानदाराने भलत्याच मापाचा दिला होता आणि दुकान दुपारी बंद व्हायचं. जाणं भाग होतं. सकाळपासून म्हातारा रंगात होता. 'तुझ्या आईला सांग, आज उशीर होईल,' असंसुद्धा म्हणाला. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण ती कुणाची आई हे तरी त्याच्या ध्यानात होतं. तिला तेवढ्यानेच भरून आलं.

तिने त्याचा दोर धुराड्याला बांधला, गाठ ओढून पाहिली. 'बाबा, एवढी रांग भरा. मी आलेच.'

'जा गं. मला काय काल मिसरूड फुटलंय?'

शिवणवालीला जाता जाता सांगितलं, जरा लक्ष असू द्या. दुकानदाराने वेळ खाल्ला. पत्रा बरोबर आहे, तुमचं धुराडंच चुकलंय, इथवर त्याची मजल गेली. ती पत्रा बदलून परत आली तेव्हा शिवणवाली मागच्या अंगणात मान वर करून उभी होती.

'काय हात आहे हो तुमच्या वडिलांचा! मशिनीवर माझी टीप येत नाही इतकी सरळ.'

मागच्या अंगणात? मागच्या उताराला तर अजून हातही लावायचा नव्हता. तिने वर पाहिलं. आढ्याला लागून रांगा होत्या, एकीखाली एक, आखल्यासारख्या. आणि त्यांच्याखाली छपराच्या कडेपर्यंत नुसता कागद.

त्याने वरून सुरुवात केली होती.

फळकुटांचे गठ्ठे आढ्यावर तिनेच रचून ठेवले होते. हातातली रांग संपवून म्हातारा गठ्ठ्यांशी आला असणार, बसला असणार, आणि बसल्या जागेपासून खाली ठोकत निघाला. प्रत्येक नवी रांग वरचीच्या पोटाखाली हवी, इथे ती वरचीच्या पाठीवर चढलेली. येईल ते पाणी प्रत्येक रांगेच्या वरच्या फटीतून सरळ घरात. छप्पर कसलं, चाळणच ती. ज्याने जन्मात हातोडी धरली नाही त्यालाही एवढं कळतं, कारण मांजराच्या अंगावर केससुद्धा खालच्या बाजूला वळलेले असतात.

ती वर चढली. म्हातारा घामाघूम आणि खूश होता.

'आलीस, खुंटे? बघ, निम्मं आवरलं. लाव माप. कुठेही लाव.'

तिने माप घेतलं आणि लावलं. चपखल बसलं. दुसरीकडे लावलं, तिथेही बसलं. तो ओठ वर करून मोजत आला होता. माप उलटं धरलं तरी तेवढंच मोजतं, वर काय नि खाली काय, त्याला कोण सांगणार? ती वेड्यासारखी एकेक रांग तपासत गेली. एखादी जरी चुकलेली निघाली असती तरी तिला बरं वाटलं असतं. दमले, कंटाळले, ऊन लागलं, असं काहीतरी म्हणता आलं असतं. एकही चुकली नव्हती.

तेव्हा तिने ठरवलं, तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. कळणार कुणाला? शिवणवाली खूश होती, भाऊ कुठल्या तरी रस्त्यावर होता. सगळं उचकटायचं, नीट ठोकायचं, आणि उद्यापासून बापाला क्षणभरही सोडायचं नाही. 'बाबा, तुम्ही जरा त्या बाजूला बसा,' असं म्हणत तिने हातोडीचा पंजा घातला आणि पहिलं फळकूट काढलं.

'ए, ए! चांगलं काम का मोडतेस?' म्हातारा सरकत आला. तिचा हात बाजूला सारून वाकला आणि मोकळ्या झालेल्या जागेकडे बघत राहिला. त्याने शेजारच्या फळकुटाच्या वरच्या कडेखाली बोट घातलं. बोट आत गेलं. कपाळाला आठ्या पडल्या. कित्येक महिन्यांत तिने बापाला असा विचार करताना पाहिलं नव्हतं.

'हे वरून लावलंय,' तो हळूच म्हणाला. मग त्याचा आवाज चढला. 'कुणी केलं हे? कुठला गाढव ठेवलायस कामाला?'

'आहे एक,' तिच्या तोंडून निघून गेलं.

'नवशिका?'

'नाही बाबा. जुने आहेत. फार जुने.'

म्हाताऱ्याचा राग एकदम उतरला आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. 'मग झालंच,' तो म्हणाला. 'नवशिक्याच्या कानफटात मारली की तो सुधारतो. जुन्या माणसाने असं केलं म्हणजे त्याचं डोकं गेलं. आज उलटं ठोकलंय, उद्या हवेत पाय टाकेल. घरी पाठव त्याला. आजच.'

'त्यांना इथे बरं वाटतं हो.'

'त्याला बरं वाटावं म्हणून लोकांनी घरात भिजायचं?'

'बाबा, एकदाच चुकलंय ते. फक्त एकदा.'

'एकदाच पुरतं.' त्याने फळकुटावरून हात फिरवला. 'माप मात्र बरोबर आहे हं. कामाचा माणूस असणार एके काळी. घरी कुणी आहे का त्याला?'

'मुलगी आहे.'

'मग बरं आहे. तिला नीट समजावून सांग. म्हणावं, शिडीकडे फिरकू देऊ नकोस. चार दिवस दंगा करेल, मग विसरेल.'

तिला हुंदका आवरेना. म्हाताऱ्याने तिच्या पाठीवर थोपटलं, लहानपणी थोपटायचा तसंच, जरा जोरात.

'रडतेस काय? धंद्यात असं तोंड वाईट करावंच लागतं. तुला जमत नसेल तर मी बोलतो. बोलाव त्याला.'

'नको बाबा. मीच सांगते.'

'मग मी खाली जाऊन बसतो. माझ्यादेखत त्याचा पाणउतारा नको. तो गेला की हाक मार. मी येतो, आपण दोघं मिळून हे निस्तरू.'

तिने दोर सोडला. त्याच्या आधी स्वतः शिडीवर उतरली आणि त्याची टाच हाताने एकेका पायरीवर टेकवत त्याला खाली आणलं. अंगणात एका रिकाम्या खोक्यावर बसवलं. माप त्याच्या हातातच राहू दिलं. मग वर गेली आणि रांगा काढायला लागली.

'खुंटे, गेला का गं तो?'

'अजून नाही, बाबा.'

थोड्या वेळाने पुन्हा, 'गेला का?'

'नाही अजून.'

'जास्त बोलू नकोस त्याला. लागेल.'

'नाही बोलत.'

गेला म्हटलं असतं तर म्हातारा वर आला असता, आणि वर आता त्याला येऊ द्यायचं नव्हतं, त्यानेच तसं बजावलं होतं. म्हणून ती 'अजून नाही' म्हणत राहिली. काम मुद्दाम सावकाश करू लागली. दर हाकेला तिला आनंद व्हायचा, लाज वाटावी इतका आनंद, आणि हातातलं फळकूट निघून आलं की ती पुढच्या हाकेसाठी कान टवकारून बसायची.

मग हाक आली नाही. तिने हातोडी खाली ठेवली, आवाजाने त्याचं बोलणं बुडत असेल म्हणून. तरी काही नाही. शेवटी तीच ओरडली, 'बाबा, तो अजून गेला नाही हं!'

ती सरपटत कडेपर्यंत आली. म्हाताऱ्याने माप जमिनीवर ठेवलं होतं आणि हात गुडघ्यांवर ठेवून तो रस्त्याकडे बघत होता. शिवणवाली त्याच्यासाठी पाणी घेऊन आली होती. त्याने तिला काहीतरी विचारलं. तिने वर पाहिलं.

'अहो, हे विचारतायत, वर कोण काम करतंय म्हणून. तुमचं नाव सांगू ना?'

ती काही बोलायच्या आत म्हाताऱ्यानेच कपाळावर हात धरून वर पाहिलं. तिच्याकडे नीट निरखून पाहिलं.

'सांभाळून हो,' तो म्हणाला. 'पडाल.'